बॅकअपची रुजवात

पहाटे साडेचारच्या सुमारास एक मेल येते: बॅकअप यशस्वी. हे वाक्य माणसाने लिहिलेलं नसतं, सर्व्हरवरची छोटीशी स्क्रिप्ट ते पाठवते. तिच्या लेखी यश म्हणजे शेवटची कमांड तक्रार न करता संपली आणि शून्य हा आकडा मागे ठेवून गेली. युनिक्सच्या जगात शून्य म्हणजे सगळं ठीक. पण बिलं, पगाराच्या फायली, कंटेनरांच्या नोंदी खरोखर दुसऱ्या जागी पोचल्या का, पोचल्या तर पूर्ण पोचल्या का, आणि उद्या कुणी त्या परत मागितल्या तर उघडतील का, यातलं काहीही त्या शून्यात नसतं. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. रात्रीची जेवणं उरकली, ओटा आवरला की डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडते आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून त्या मेलची रुजवात घेते.

डिस्कव्हरी गार्डन्स ही नखीलने बांधलेली वस्ती दुबईच्या जेबेल अलीकडच्या बाजूला, इब्न बतूता मॉलजवळ आहे. इमारती ठेंगण्या, दुबईचं नाव घेतल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या मनोऱ्यांशी त्यांचा काही संबंध नाही. मोगल, झेन, कॅक्टस, मेडिटेरेनियन अशी बागांच्या तऱ्हांवरून विभागांना नावं दिलेली. बेताच्या पगाराच्या कुटुंबांना परवडेल अशी ही वस्ती असल्यामुळे आमच्या जिन्यात मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, इजिप्शियन अशी सगळी बिऱ्हाडं आहेत. १ जानेवारी २०२१ ला मेट्रोचं स्टेशन सुरू झालं तोवर इब्न बतूता स्टेशन गाठावं लागायचं, आणि उन्हाळ्यात तेवढंसं अंतरही अंगावर यायचं. माझी कंपनी जेबेल अली फ्री झोनमध्ये मालवाहतुकीचं काम करते. माल जहाजातून उतरवणं, कस्टम्सची कागदपत्रं, गोदाम, पुढे ट्रक. माणसं थोडी, कागद अफाट. ते सगळे कागद दोन सर्व्हरांवर राहतात.

हे काम माझ्याकडे आलं ते एका फिलिपिनो सहकाऱ्याकडून. तो देश सोडून मायदेशी परतत होता. जाताना त्याने एक पान दिलं, त्यावर कमांड लिहिलेल्या होत्या आणि कडेला पेन्सिलीने काही बाण काढलेले होते. आखातात असंच चालतं. नोकरीला व्हिसा जोडलेला, व्हिसाला घर जोडलेलं, आणि माणूस निघाला की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर विमानात बसतं. मागे राहतो तो कागद. तो कागद किती खरा आहे, हे नव्या माणसाने तपासायचं.

मी सगळ्यात आधी रात्रीच्या बॅकअप फायली तारखेनुसार मांडून त्यांचे आकार पाहिले. आकार जवळजवळ सारखे, रोज किंचित वाढणारे. व्यवसाय चालू आहे, नोंदी वाढताहेत, तेव्हा फाइलही वाढणारच. कुणीही समाधानाने मान डोलवावी असं चित्र होतं. मग मी फाइल उलगडून तिची शेवटची ओळ मागवली. मायएसक्यूएल डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची मजकुराच्या रूपात काढलेली प्रत, पुरा झाला की तो अखेरीला तसं लिहून, तारीख-वेळ टाकून थांबतो. इथे ती ओळ नव्हती. फाइल एका स्कॅन केलेल्या कागदाच्या मजकुरात मध्येच तुटली होती.

कारण शोधायला रात्र लागली, पण ते इतकं स्पष्ट होतं की अजूनही मी नव्या मुलांना तेच उदाहरण देते. कंपनीने मध्यंतरी बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीच्या, स्कॅन प्रती डेटाबेसमध्येच साठवायला सुरुवात केली होती. त्यातली एखादी प्रत फार मोठी निघाली. डम्प काढणाऱ्या प्रोग्रामला एका वेळी किती मोठं पाकीट उचलता येतं याची मर्यादा असते, मुळात ती २४ एमबी असते. त्याहून मोठी ओळ समोर आली की तो तिथेच थांबतो. थांबताना तो चूक झाल्याचा संकेत देतोही, पण आमच्या स्क्रिप्टमध्ये त्याच्या पुढे पाइप लावून जीझिप हा फायली दाबणारा प्रोग्राम बसवलेला होता. जे आलं ते जीझिपने दाबून नीट बांधून ठेवलं आणि शून्य परत दिलं. पाइपने जोडलेल्या कमांडांमध्ये शेलला फक्त शेवटच्या कमांडचा निकाल कळतो. आधीच्या कुणी हात टेकले ते कळावं म्हणून पाइपफेल नावाची सूचना मुद्दाम द्यावी लागते. ती दिलेली नव्हती. म्हणून मेल म्हणत होती: यशस्वी.

आकाराने फसवलं कसं, तेही इथे सांगायला हवं. टेबलं नावांच्या वर्णानुक्रमाने बाहेर पडतात, आणि स्कॅन प्रतींचं टेबल इंग्रजी वर्णमालेत अगदी वर होतं. फाइलच्या आकारात सगळा वाटा त्या प्रतींचाच. नवी, अवजड प्रत टेबलाच्या शेवटी, म्हणजे तिच्यापर्यंतच्या सगळ्या प्रती बाहेर आल्या आणि मग धागा तुटला. पुढची टेबलं आलीच नाहीत: ग्राहक, बिलं, येणं-देणं, वाहतुकीच्या नोंदी. ती टेबलं दाबल्यावर इतकी हलकी होतात की त्यांच्या नसण्याने वजनात फरकच पडत नाही. कंपनीचा प्राण असलेला भाग फाइलमधून गायब, आणि फाइल मात्र धडधाकट दिसत होती. आधीच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने स्क्रिप्ट लिहिली तेव्हा ती बरोबर होती, स्कॅन प्रती नंतर आल्या. बॅकअप आपोआप बिघडत नाही, आजूबाजूचं काम बदलतं आणि स्क्रिप्टला ते कुणी कळवत नाही.

त्या रात्रीपासून मी सर्व्हरला वेगळे प्रश्न विचारायला लागले. फाइल आहे का, हा प्रश्न पहिला आणि सगळ्यात कच्चा. शेवटची ओळ आहे का, टेबलं मोजून किती भरली, आज सकाळी चालू डेटाबेसमध्ये तेवढीच होती का? दाबलेली फाइल आतून शाबूत आहे का, हे जीझिपलाच विचारता येतं, कारण तो प्रत्येक फाइलच्या शेवटी तपासणीचा आकडा लिहून ठेवतो. फाइंड या कमांडला सांगायचं की गेल्या चोवीस तासांत बदललेली प्रत दाखव. काही दाखवलं नाही तर रात्री काम झालेलं नाही.

गिटलॅब या कंपनीची हकिगत या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावी असं मला वाटतं, कारण त्यांनी ती स्वतःच, लपवाछपवी न करता जगासमोर मांडली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीपैकी थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर एकामागून एक मार्ग बंद निघाले. त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा रोजचा डम्प जुन्या आवृत्तीच्या साधनाने काढला जात होता, नव्या आवृत्तीच्या डेटाबेससमोर तो रोज अपयशी होत होता. आणि अपयश कळवणाऱ्या मेल? त्या सही नसल्याच्या कारणावरून मेल सर्व्हरने नाकारल्या होत्या. तक्रार येत नाही याचा अर्थ सगळं ठीक, असं सगळे धरून चालले होते. एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट शेवटी उपयोगी पडला. हे वाचल्यापासून मी मेलची वाट पाहत नाही. मी स्वतः जाऊन विचारते.

मात्र या कामाचं गांभीर्य माझ्या मनात रुजलं ते त्याच वर्षी, जून महिन्यात, आणि तेही दुबईतून नव्हे, उरणमधून. माझं माहेर उरणचं. दादा न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये काम करतो. इथून व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या ॲपवरून बोलतो. २८ जूनला त्याचा फोन आला तेव्हा तो रस्त्यावर उभा होता. "अगं, टर्मिनलचं सगळं बंद पडलंय. कॉम्प्युटर चालत नाहीत. ट्रेलर लागलेत लांबपर्यंत. कागदावर लिहून माल सोडताहेत." मी म्हटलं, "दादा, बंद कसं पडलं?" त्याला ते सांगता आलं नाही, आणि त्या क्षणी जगात फारच थोड्यांना सांगता आलं असतं.

बंद पडलं होतं ते गेटवे टर्मिनल्स इंडिया, न्हावा शेव्यातलं मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या बंदर कंपनीने चालवलेलं टर्मिनल. आदल्या दिवशी, २७ जून २०१७ ला, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून! तो काही तासांत मर्स्कच्या जगभरच्या कार्यालयांत शिरला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि ते दहा दिवसांत केलं. नुकसानाचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता.

त्या प्रकरणातला मला सगळ्यात शिकवून गेलेला भाग डोमेन कंट्रोलरचा आहे. कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, ही कंपनीची मूळ वही या यंत्रांवर असते. मर्स्ककडे जगभर मिळून अशी सुमारे दीडशे यंत्रं होती आणि ती एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक पडलं तर बाकीची आहेत, म्हणून त्या वहीची वेगळी प्रत ठेवलेली नव्हती. बाकीच्या अनेक सर्व्हरांचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले, पण ही वही नसल्यामुळे ते उभे करून उपयोग नव्हता. एक सोडून बाकी सगळी यंत्रं एकदम पुसली गेली. घानामधल्या कार्यालयात हल्ल्याआधी वीज गेली होती, तिथलं यंत्र बंद होतं, म्हणून तेवढं वाचलं. तिथल्या लोकांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, तेव्हा ती डिस्क आधी नायजेरियात आणि तिथून इंग्लंडमधल्या मेडनहेडला हातोहात नेली गेली. व्हिसाचा उल्लेख आला तिथे मी थबकले. एवढ्या मोठ्या कंपनीची मूळ वही पासपोर्टाच्या एका शिक्क्यासाठी अडली होती. आखातात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

जुळवून घेणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, कारण त्या पुसणंसुद्धा जुळवून घेतात. आमच्याकडेही दुसरा सर्व्हर पहिल्याची हुबेहूब नक्कल ठेवत होता आणि मालकांना वाटत होतं की एवढं पुरेसं आहे. आरसिंक हे साधन ॲंड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहिलं, आणि आजही फायली हलवायला त्याच्या तोडीचं क्वचितच काही सापडतं. पण मूळ जागी पुसलेलं नकलेतही पूस, असं त्याला सांगितलेलं असेल तर ते निष्ठेने पुसतं. न्हावा शेव्याची गोष्ट मी मालकांना सांगितली. तिथला माल आमच्याही गोदामात येतो, त्यामुळे त्यांना ती लगेच पोचली. तेव्हापासून एक प्रत अशी असते की सर्व्हरला तिच्यात भर घालता येते, पुसता येत नाही. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी लोकांपर्यंत नेलेला तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत जागेबाहेर हा नियम मी पाळते. जागेबाहेरची प्रत रेस्टिक या साधनाने कुलूपबंद होऊन क्लाउडमध्ये जाते.

आरसिंकला मी आता तपासणीलाही बसवते. काहीही न हलवता, फक्त फरक दाखव, आणि आकार व तारखेवर न जाता मजकुराचाच चेकसम काढून ताडून पाहा, असं सांगायचं. एरवी ते आकार आणि बदलाची वेळ पाहूनच पुढे जातं, म्हणून डिस्कवर सडलेली फाइल त्याला ताजीच वाटते. चेकसमबद्दल मात्र एक सांगून ठेवते. एक अक्षर बदललं तरी सबंध आकडा बदलतो, त्यामुळे दोन प्रती सारख्या आहेत याची खात्री तो पुरेपूर देतो. पण मूळ फाइलच अर्धी असेल तर दोन्ही अर्ध्या फायलींचा चेकसम सुरेख जुळतो.

रेस्टिकलाही साधं तपासायला सांगितलं तर तो रचना पाहतो, साठवलेला सगळा मजकूर वाचत नाही. सगळा वाचायचा तर वेळही लागतो आणि क्लाउडचं बिलही चढतं. शितावरून भाताची परीक्षा घरात चालते, इथे चालत नाही. एक शीत शिजलं म्हणून शेजारचं शिजलं असेल असं नाही. म्हणून मी एकेका रात्री सातवा भाग वाचायला लावते, आठवड्यात सगळा वाचून होतो. मंगळवारचा वाटा वाचताना मुलीचा अभ्यास चालू असतो. तिला पडद्यावरचे सरकणारे टक्के पाहायला आवडतात आणि शंभरावर पोचलं की ती मला सांगते.

एवढं सगळं झालं तरी प्रत परत उभी केल्याशिवाय मी तिला बॅकअप म्हणत नाही. रिकामं यंत्र घ्यायचं, त्यावर त्याच आवृत्तीचा डेटाबेस बसवायचा, प्रत उतरवायची, भरायची आणि कार्यक्रम चालू करून पाहायचा. अशी तालीम मी दर तिमाहीला घेते. आणि या तालमीतूनच एक गोष्ट लक्षात आली, जी कुठल्याही कमांडने मला सांगितली नसती. टेबलं पूर्ण, ओळींची संख्या जुळलेली, कुठेही चूक नाही. मी आमच्या अकाउंट्सच्या सरांना बोलावलं. ते केरळचे, उभा जन्म आखातात हिशेब लिहिण्यात गेलेला. त्यांनी येणेकऱ्यांची यादी उघडली आणि ताबडतोब म्हणाले, "मॅडम, अरबी नावं कुठे गेली?" बघते तर ग्राहकांच्या अरबी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मूळ प्रत शाबूत होती. भरताना कोणता अक्षरसंच वापरायचा, ही सूचना त्या जुन्या पानावर नव्हती, आणि नव्या यंत्राने आपल्या मनाने लॅटिन धरला होता. ती एक ओळ पानावर चढली. पण मोजणाऱ्याला अक्षरं दिसत नाहीत, वाचणाऱ्याला दिसतात. तेव्हापासून शेवटची तपासणी मी करत नाही, सर करतात. मी त्यांना उभी केलेली प्रत देते आणि बाजूला बसते. ते आपल्या मनातल्या चार-दोन पार्ट्या काढतात, मागच्या तिमाहीचा व्हॅट पाहतात, एखादं जुनं वादातलं बिल उघडतात. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळतं.

मग १६ एप्रिल २०२४ चा मंगळवार आला. पाडवा आणि ईद मागच्याच आठवड्यात होऊन गेले होते. अमिरातीत १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यातला हा सगळ्यात मोठा पाऊस. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला. कोकणात वाढलेल्या माणसाला हा आकडा नवा नाही, उरणला जुलैत असा दिवस येतो. पण तिथे पाण्याला वाटा माहीत असतात. इथे आमच्या गल्ल्यांत पाणी तुंबून राहिलं, गाड्या चाकांच्या वर बुडाल्या, मेट्रो विस्कळीत झाली, शेख झायेद रोडवर वाहनं अडकली. घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता.

दुपारी फ्री झोनमधल्या आमच्या कार्यालयातून रखवालदाराचा फोन आला. सर्व्हरच्या खोलीत छतातून पाणी गळत होतं. त्याने वीज बंद केली, आणि ते अगदी योग्य केलं. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत होते, तेव्हा हुबेहूब नक्कल ठेवणारा दुसराही गेला. बंदरात उतरलेल्या मालाचे कागद ग्राहक मागत होते आणि तिमाहीचं व्हॅट विवरण महिनाअखेरीच्या आत भरायचं होतं.

मी टेबलाशी बसले. घरी वीज होती, नेट होतं. घरच्या जोडणीवरून सगळा डेटा खाली उतरवण्यात अर्थ नव्हता, म्हणून क्लाउडमध्येच एक यंत्र घेतलं आणि प्रत तिथल्या तिथे उतरवायला लावली. रेस्टिकने पहिलाच प्रश्न विचारला तो पासवर्डचा. हा पासवर्ड गेला तर प्रत असून नसल्यासारखी, बनवणारेसुद्धा ती उघडू शकत नाहीत. पूर्वी तो त्याच सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये होता, जो सर्व्हर त्या क्षणी पाणी गळणाऱ्या खोलीत बंद पडलेला होता. काम हाती घेतल्यावर मी तो कागदावर लिहून दोन लिफाफ्यांत बंद केला होता, एक मालकांच्या घरी, एक आमच्या कपाटात पासपोर्टांबरोबर. नवऱ्याने लिफाफा काढून दिला.

संध्याकाळी डेटाबेस उभा राहिला. अक्षरसंच, आवृत्ती, टेबलांची संख्या, शेवटची ओळ. सर शारजात अडकले होते, त्यांच्या इमारतीखाली गुडघाभर पाणी होतं. त्यांनी घरून आत शिरून ३१ मार्चचा ताळेबंद काढला आणि आपल्या मेलमध्ये पडलेल्या त्याच तारखेच्या पीडीएफशी आकडा न् आकडा लावला. ती पीडीएफ आमच्या कुठल्याही बॅकअपमधून आलेली नव्हती, म्हणून तिची साक्ष मला फार मोलाची वाटली. फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते आकडे पुटपुटत होते. मग म्हणाले, "जुळलं." मला रडू आलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. चाळीसेक घरांचे पगार त्या आकड्यांतून निघतात.

सकाळी चारनंतरच्या नोंदी मात्र गेल्या होत्या. बॅकअप यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, मध्यरात्री निघतो, म्हणजे दुबईत पहाटे चारला, उरणात साडेपाचला. चार ते दुपार एवढ्या वेळातलं जे होतं ते सरांनी मेल चाळून पुन्हा भरलं. यानंतर मी बिलांच्या टेबलांची प्रत दर तासाला काढायला लावली.

दुसरी क्लाउडमधली प्रत कुठे ठेवावी यावर मालकांशी बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं मुंबईत ठेवू. मी २००८ ची आठवण दिली. त्या वर्षी ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि दोनच दिवसांत दुबई-ओमान दरम्यानची फाल्कन नावाची केबलही तुटली. एका केबलपाशी टाकून दिलेला, पाच-सहा टनांचा जहाजाचा नांगर सापडला होता. भारत आणि आखात, दोन्हीकडचं इंटरनेट रखडलं. म्हणून एक प्रत इथेच, अमिरातीत हवी, आणि इथेच काही झालं तर दुसरी बाहेर हवी. दोन्ही ठेवल्या. खर्च वाढला, मालकांनी सही केली.

आता मला भेडसावतो तो वेगळाच प्रश्न आहे. इथे व्हॅट २०१८ पासून आहे आणि त्याची कागदपत्रं पाच वर्षं ठेवावी लागतात. पुढे कॉर्पोरेट टॅक्स आला, त्याच्या नोंदींची मुदत सात वर्षांची आहे. म्हणजे २०२४ च्या हिशेबाची फाइल २०३१ च्या अखेरपर्यंत उघडता आली पाहिजे. फाइल टिकेल, त्याची व्यवस्था आहे. पण ती वाचणारं सॉफ्टवेअर टिकेल का? त्याची ही आवृत्ती तेव्हा मिळेल का, परवान्याची किल्ली चालेल का? म्हणून दर वर्षाअखेर मी डेटाबरोबर सबंध यंत्रच गोठवून ठेवते, कार्यप्रणालीसकट, आणि महत्त्वाची टेबलं साध्या मजकुराच्या रूपातही काढते. साधा मजकूर वाचायला कुणाचा परवाना लागत नाही.

आणि २०३१ मध्ये मी इथे असेन का? दोन-दोन वर्षांनी व्हिसाचं नूतनीकरण होतं. सरांचं तर निवृत्तीचं वय जवळ आलंय, ते त्रिशूरजवळ घर बांधताहेत. तेव्हा माझ्या जागी जो बसेल तो मला फोन करू शकणार नाही असं गृहीत धरून मी कागद लिहिते आहे. गेल्या वर्षी कंपनीत नेपाळचा एक तरुण मुलगा रुजू झालाय. शिकायची हौस आहे, हात स्वच्छ आहे. त्याला मी तो कागद आणि रिकामं यंत्र देते आणि सांगते, "मला काही विचारायचं नाही. जिथे अडशील तिथे कागदावर खूण कर." खूण जिथे पडते तिथे मी ओळ वाढवते. तो पहिल्यांदा अडला ते कुठल्या आवृत्तीचा डेटाबेस हे न कळल्याने, नंतर लिफाफा कुणाकडे मागायचा इथे, आणि मग प्रतीच्या नावातली वेळ कुठल्या घड्याळाची यावर. यूटीसीचा उल्लेख मी आता पहिल्याच ओळीत घेतलाय. जूनअखेरची तालीम तो एकटा घेणार आहे, आणि आकडे सरांना तोच दाखवणार आहे.